दोन स्पिन बाईक, बारा पोरं आणि भातखाचर झालेलं मैदान

पीटीचा_तास · 9 जुलै, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. पन्हाळ्याच्या पलीकडच्या एका गावात ज्युनिअर कॉलेजला शारीरिक शिक्षण शिकवतो. खो-खोचा मुलांचा संघ आहे. बारा जण, सगळे 16 ते 18 वयाचे. आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. जूनच्या शेवटापासून मैदानात दोन खांब तेवढे उभे दिसतात, बाकी सगळं भातखाचर. रोप लावलं तर येईल.

गेल्या वर्षी जुलै-ऑगस्ट असाच गेला. जिना चढ-उतर, सूर्यनमस्कार, दोरीच्या उड्या, एवढंच. तालुक्याच्या सामन्यात पहिल्या डावात पोरं वाघासारखी खेळली. दुसऱ्या डावात संरक्षणाला आमची पहिलीच तुकडी दीड मिनिटात घरी आली. चुकून नव्हे, दम संपला म्हणून. माझा सगळ्यात चपळ पोरगा खांबाला हात टेकून उभा राहिला आणि समोरच्याने येऊन नुसता खांद्याला हात लावला. ते दृश्य वर्षभर डोळ्यांसमोरून जात नाही बघा.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून दोन स्पिन बाईक दिल्या. पुढे जड लोखंडी चाक, वर लाल नॉब, स्क्रीन वगैरे काही नाही. पहिल्या दिवशी पोरांनी नवीन ट्रॅक्टर आल्यासारखी गर्दी केली. तालुक्यातल्या जिमवाल्याने सांगितलं, "सर, टबाटा करा. 20 सेकंद फुल्ल, 10 सेकंद आराम, आठ वेळा. चार मिनिटांत तासभर पळाल्याचा फायदा." केलं. पहिल्या दिवशी दोघांनी व्हरांड्याच्या कडेला जाऊन ओकारी काढली, म्हटलं औषध लागू पडतंय. पण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून हीच पोरं हसत-खिदळत चार मिनिटं संपवून खाली उतरायला लागली. दोन आठवडे झाले. एवढ्यात कुणाचा दम वाढतो का? मला तर संशय येतोय की काहीच होत नाहीये. वर एकाचा गुडघा पुढून दुखतोय.

तर विचारायचं ते असं. हे खरंच कामाचं आहे का, की चार मिनिटांची जादू? सायकलवर कमावलेला दम खो-खोत चालतो का, कारण तिथे वळणं, हुलकावणी, सूर, आणि इथे बूड सीटवर? आणि दोन सायकलींवर बारा पोरं बसवायची कशी? सकाळी 7 ते 8:10 एवढाच वेळ मिळतो, नंतर वर्ग.

---

रांगडा_गडी · 9 जुलै, रात्री 11:05

सर, आमच्या वेळी चिखलातच पळायचो. सायकल-बियकल काही नव्हतं. पोरं नाजूक झालीत.

---

पीटीचा_तास · 9 जुलै, रात्री 11:12

दादा, दोन वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होतो. त्याच चिखलात एकाचा घोटा असा मुरगळला की तीन महिने प्लास्टर आणि पट्टी. त्याच्या आईला तोंड दाखवायला मला जड जायचं.

---

ठोके_मोजा · 10 जुलै, सकाळी 7:50

सर, तुमचा संशय बरोबर आहे. पण चूक टबाटाची नाही, सायकलची आणि सांगणाऱ्याची आहे. मी पुण्यात खेळाडूंच्या चाचण्या घेण्याचं काम करतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

टबाटा हे जपानी संशोधकाचं आडनाव. 1996 साली कानोया इथल्या क्रीडा संस्थेतल्या शारीरिक शिक्षणाच्याच विद्यार्थ्यांवर हा प्रयोग झाला, म्हणजे तुमच्याच जातकुळीतली पोरं, फक्त वयाने थोडी मोठी. ही पद्धत मुळात जपानच्या स्पीड स्केटिंग संघाच्या प्रशिक्षकाची, इरिसावा यांची. टबाटांनी ती प्रयोगशाळेत तपासली. सायकलला ब्रेकचा भार इतका लावला होता की 20 सेकंदांच्या सात-आठ फेऱ्यांतच माणूस संपावा. जितक्या जोराला शरीराची ऑक्सिजन घेण्याची कमाल गाठली जाते, त्याच्या 170 टक्के जोर! पायडलचा वेग मिनिटाला 90 फेऱ्यांचा ठरलेला, तो 85 च्या खाली घसरला की थांबवायचं. कुणाला नऊपेक्षा जास्त फेऱ्या जमायला लागल्या की भार वाढवायचा. आता सांगा, तुमच्याकडे तिसऱ्या दिवशी नॉब वाढवला का?

दुसरी गोम तुमच्या त्या जड चाकात आहे. स्पिन बाईकचं चाक एकदा फिरायला लागलं की स्वतःच्या वजनाने फिरतं. 10 सेकंदांच्या आरामात ते थांबत नाही. पुढच्या 20 सेकंदांत पोरगा पायडल मारत नसतो, चाक त्याचे पाय फिरवत असतं. नॉब सैल, चाक भिरभिरतंय, पाय दिसायला वाऱ्यासारखे. म्हणून हसत उतरतात. पहिल्या दिवशी चाक ओळखीचं नव्हतं म्हणून ओकले.

त्या प्रयोगातली एक गोष्ट मात्र जिमवाले कधीच सांगत नाहीत. सहा आठवड्यांनी टबाटा गटाचं व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते, किलोमागे 7 मिलिलिटरने वाढलं. पण दुसरा एक गट होता, जो आठवड्यातून पाच दिवस तासभर मध्यम जोराने नुसती सायकल चालवत होता. त्यांचंही 53 वरून 58 झालं! म्हणजे साधी, कंटाळवाणी सायकलसुद्धा चालते. टबाटा गटाला वर मिळाली ती ऑक्सिजन अपुरा पडत असताना जोर काढायची ताकद, ती 28 टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाची जिथल्या तिथे राहिली. शिवाय टबाटा गटही नुसता चार मिनिटं करून घरी जात नव्हता. आधी 10 मिनिटं वॉर्मअप, आणि आठवड्यातला एक दिवस अर्धा तास सलग सायकल होतीच.

तुमच्या पोरांना मी टबाटा देणार नाही. स्क्रीन नसलेल्या सायकलवर तो जोर मोजता येत नाही, आणि 16 वर्षांच्या पोराला रोज ओकारीपर्यंत नेण्यात मला काही पुरुषार्थ वाटत नाही. मी नॉर्वेवाल्यांचं चार बाय चार देईन. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हलकं, असं चार वेळा. 2007 मध्ये ट्रॉनहाइमच्या संशोधकांनी हे पळण्यावर तपासलं. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे, व्हीओटू मॅक्स 7 टक्क्यांच्या आसपास वाढलं. तितकंच काम हळू पळून करणाऱ्या गटाचं फारसं हललं नाही. (टबाटांच्या मध्यम गटाचं वाढलं आणि यांचं नाही, हे कसं असं कुणी विचारण्याआधीच सांगतो: दोन्हीकडची माणसं, साधन, जोर, सगळं वेगळं होतं. एका प्रयोगाला धरून झेंडा नाचवू नये.)

चार मिनिटं का, तर पहिलं मिनिट-दीड मिनिट हृदय नुसतं वर चढत असतं. खरं काम शेवटच्या दोन मिनिटांत होतं. पोरं काय करतात, पहिल्या 30 सेकंदांत जीव काढतात आणि दुसऱ्या मिनिटाला मरतात. त्यांना सांगा, पहिलं मिनिट "हे तर सोपं आहे" असं वाटलं पाहिजे, आणि चौथ्यात दोन शब्दांनंतर तिसरा निघता कामा नये.

नाडी हाताने मोजा. 208 मधून वयाच्या 0.7 पट वजा करा, 17 वर्षांच्या पोराला 196 येतात. त्याचे 90 ते 95 टक्के म्हणजे 176 ते 186. फेरी संपल्या संपल्या, सीटवर असतानाच, मानेवर दोन बोटं आणि 10 सेकंदांत 29 ते 31 ठोके. 15-20 सेकंद घालवलेत की आकडा खाली येतो, मग मोजून उपयोग नाही. सूत्र ढोबळ आहे, माणसागणिक 10 ठोके इकडे-तिकडे होतात, म्हणून आकड्यापेक्षा तो तिसरा शब्द महत्त्वाचा.

आता बारा पोरं. एका सायकलला दोघांची जोडी लावा. एक चार मिनिटं वर, दुसरा तेवढा वेळ व्हरांड्यात चालतोय. तीनच्या जागी चार मिनिटं आराम झाला, बिघडत नाही. दोन सायकलींवर चार पोरं 32 मिनिटांत मोकळी. चारचे तीन गट करा, रोज एक गट, सोमवार ते शनिवार, प्रत्येकाला आठवड्यातून दोन पाळ्या, मध्ये दोन दिवस मोकळे. तिसरी पाळी हवीच असेल तर तुमच्या 70 मिनिटांत दोन गट कसेबसे बसतील. पहिल्या आठवड्यात दोनच फेऱ्या, मग तीन, मग चार.

आणि जोडी मैत्रीवर लावू नका, उंचीवर लावा. नाहीतर दर चार मिनिटांनी सीट वर-खाली करण्यात सकाळ जाईल.

---

चेन_उतरली · 10 जुलै, दुपारी 2:15

गुडघ्याचं मी सांगतो. 22 वर्षं सायकलचं दुकान आहे. पुढून दुखतोय म्हणजे बहुतेक सीट खाली आहे. पायडल एकदम खाली असताना टाच पायडलवर ठेवा, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवला की आपोआप थोडा वाकतो, तेवढंच माप. गुडघ्याच्या मागे दुखलं तर सीट वर आहे. आठवड्यात कमी नाही झालं तर पोराला उतरवा आणि डॉक्टरला दाखवा, माझ्या भरवशावर राहू नका.

दुसरं महत्त्वाचं. स्पिन बाईकला फ्रीव्हील नसतं. रस्त्यावरच्या सायकलसारखे पाय थांबवले आणि चाक फिरत राहिलं, असं होत नाही. चाक पायडलला बांधलेलं आहे. पोरगं दमून पाय काढायला गेलं की पायडल फिरून नडगीवर बसतं. नॉब खाली दाबला की ब्रेक लागतो, तो दाबूनच उतरायचं. हे पहिल्या दिवशी घोटवून घ्या. लेस आत खोचलेली पाहिजे. घाम रोज पुसा, नॉबच्या दांडीवर गंज चढला की भार नीट लागत नाही.

---

खांबावरची_ताई · 10 जुलै, रात्री 9:30

सर, मी धाराशिवकडची. दहा वर्षं खेळले, आता मुलींना शिकवते. सायकलचा दम खो-खोत चालतो का? अर्धा चालतो. हृदय एकच आहे, ते सायकलवर मोठं झालं की मैदानात लहान होत नाही. पण पाय वेगळे. सायकलवर मांडीचा पुढचा भाग भाजून निघतो, पोटरीला आणि घोट्याला काहीच काम नाही. पाय आपटत नाही, अंगाचं वजन झेलून वळावं लागत नाही. मी एकदा मुलींना महिनाभर नुसत्या सायकलवर ठेवलं, गुडघेदुखीमुळे. मैदानात उतरल्या तेव्हा श्वास मस्त, आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्या अशा धरल्या की एकीला जिना उलटा उतरावा लागला.

म्हणून ज्यांची सायकलची पाळी नाही त्यांना रिकामं बसवू नका. व्हरांडा असेल ना? दोरीच्या उड्या, खो मिळायची वाट बघत पाटीत बसतात तसं बसून उठून तीन पावलं, पुन्हा बसायचं. खुर्च्या मांडून सहा-सात मीटरची साखळी चाल, म्हणजे त्यांच्यामधून नागमोडी पळणं. फरशी ओली असेल तर नको.

दुसरं, सकाळी सातला पोरं काय खाऊन येतात ते विचारा. माझ्याकडच्या मुली चहा-खारीवर यायच्या, काही तर नुसत्या चहावर. मग चक्कर येते आणि आपण म्हणतो दम नाही. अर्धी भाकरी, केळं, मूठभर शेंगदाणे, काहीतरी तासभर आधी पोटात हवं. आणि हिमोग्लोबिन बघून घ्या, प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या मुलींत 59 टक्के पंडुरोग निघाला, पण त्याच वयाची मुलंही 31 टक्के होती. मुलग्यांचं कुणी तपासतच नाही. ऑक्सिजन वाहून न्यायला रक्तच कमी असेल तर टबाटा काय आणि नॉर्वे काय.

---

ठोके_मोजा · 10 जुलै, रात्री 10:02

ताईंशी शंभर टक्के सहमत. एक राहिलंच होतं: कुणाला जोरात असताना छातीत दुखलं, भोवळ आली, किंवा घरात तरुण वयात कुणी अचानक गेलेलं असेल, तर आधी डॉक्टर आणि ईसीजी, मग सायकल. आणि फेरी संपली की धाडकन थांबून उभं राहू देऊ नका, रक्त पायात उतरतं आणि पोरगं कोसळतं. अर्धं मिनिट हलके पाय फिरवून मगच उतरायचं.

सर, आधी आणि नंतर काहीतरी मोजा. 12 मिनिटांत किती मीटर पळतो, ही कूपरची चाचणी पुरते. मीटरमधून 504.9 वजा करा, 44.73 ने भागा, व्हीओटू मॅक्सचा अंदाज मिळतो.

---

पीटीचा_तास · 24 ऑगस्ट, रात्री 10:20

मंडळी, सहा आठवडे झाले, हिशेब द्यायला आलोय. मध्ये चार दिवस पुराने कॉलेज बंद होतं, ते सोडून.

मैदान नाही म्हणून देवळापासून दूध संस्थेपर्यंतच्या डांबरी रस्त्यावर चुन्याने 200 मीटरची खूण मारली आणि 12 जुलैला पहाटे पोरं पळवली. दुधाची गाडी यायच्या आत उरकावं लागलं. काल पुन्हा तिथेच. माझा तो खांबाला टेकलेला गडी 2400 मीटरवरून 2520 वर गेला. सूत्राने 42.4 चे 45 झाले. बारापैकी आठ जणांचं 80 ते 150 मीटरने वाढलं, तिघांचं जिथल्या तिथे, आणि एक चक्क 60 मीटर मागे गेला. त्याला विचारलं तर आदल्या रात्री गणपतीच्या मंडपाचे बांबू ओढत एकपर्यंत जागा होता. आता काय बोलणार?

हे सगळं सायकलमुळेच असं मी छातीठोक म्हणत नाही. दुसऱ्यांदा पळताना पोरांना अंदाज आलेला असतो, कुठे राखायचं कुठे सोडायचं. पण सकाळी मानेवर बोटं ठेवून मोजतोय ना, त्यात एक गोष्ट दिसली. जुलैत चौथी फेरी संपल्यावर एक मिनिटाने पुन्हा मोजलं तर 10 सेकंदांत 25-26 ठोके असायचे. आता तेवढीच दमछाक करून मिनिटाने 21-22 वर येतात. मला कूपरपेक्षा हे जास्त आवडलं. खो-खोत दुसऱ्या डावाआधी पोरगं किती लवकर माणसात येतं, त्यालाच तर सगळी किंमत आहे.

पहिला आठवडा मात्र फजिती. तिसरा शब्द निघता कामा नये म्हणून मी प्रत्येकाला चौथ्या मिनिटाला कॉलेजचं नाव विचारायचो. पोरं एवढी हुशार, दमलेलं नसतानाही "महा... महा..." करत नाटक करायला लागली. मग पाढे विचारायला लागलो. 17 चा पाढा सतरा साते पर्यंत ज्याला नीट म्हणता आला त्याचा नॉब अर्धा आटा पुढे. एकाला तो मुळातच येत नाही, त्याचा नॉब कसा ठरवायचा हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

गुडघा सीटचाच होता. चेन_उतरली भाऊ, टाचेच्या मापाने सीट चांगली चार बोटं वर गेली, दहा दिवसांत दुखणं बंद. बिचारा सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्याच्या जोडीला होता, का तर दोघं एका बाकावर बसतात. आता उंचीवर जोड्या. खडूने सीटच्या दांडीवर तीन रेघा मारल्यात.

ताई, तुमचं हिमोग्लोबिनचं ऐकलं. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर स्वतः आल्या. चौघांचं कमी निघालं, त्यातला एक तोच, ज्याला मी वर्षभर आळशी म्हणत होतो. गोळ्या सुरू आहेत. त्याच्याशी मी अजून त्या विषयावर बोललेलो नाही, पण सध्या त्याला रागवत नाही. पोटऱ्यांचंही तुमचं खरं. गेल्या आठवड्यात दोन दिवस ऊन पडलं, मैदानाची एक बाजू सुकली, अर्धा तास खेळवलं. दम होता, पण वळताना पाय जड, दोघं खांबाजवळ घसरले. व्हरांड्यातली साखळी चाल मी मधले दोन आठवडे टाळली होती, सायकलीच्या कौतुकात. आता रोज आहे.

सामने सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तोपर्यंत एकच अडचण आहे. एका सायकलचं ब्रेकचं पॅड झिजलं, नॉब शेवटपर्यंत आवळला तरी चाक सैलच. कंपनीचा पार्ट पंधरा दिवसांनी येणार म्हणाले. गावात चपला बांधणारे एक काका आहेत, त्यांनी जुनं पॅड हातात घेऊन उलटं-सुलटं पाहिलं आणि तळाच्या कातड्याचा तुकडा त्या मापाने कापून बसवून दिला. पैसे घेतले नाहीत. परवापासून चालू आहे, पकड कंपनीच्यापेक्षा चांगली, फक्त चौथ्या मिनिटाला जळक्या कातड्याचा वास सुटतो. चेन_उतरली भाऊ, त्यावर तेलाचा थेंब सोडला तर चालेल का, की घसरेल?

---

चेन_उतरली · 24 ऑगस्ट, रात्री 10:48

कातडं आहे तर चालेल. एकच थेंब, मशीनचं पातळ तेल, रात्री सोडा म्हणजे सकाळपर्यंत मुरतं. खोबरेल नको.